मूत्रपिंड बिघडले, हृदयाकडेही पाहा

वणी, पुसद, उमरखेडहून एसटीने यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला घरचे एकच विचारतात, क्रिएटिनीन किती? रक्तातल्या चरबीचा कागद पिशवीच्या तळाशीच राहतो. कोणी काढलाच, तर कोलेस्टेरॉल २००च्या आत पाहून निर्धास्त होतो. फसगत होते ती इथेच.

या आजारात एकूण कोलेस्टेरॉल पुष्कळदा ठीकच दिसते. वाढते ते ट्रायग्लिसराइड, आणि घटते ते एचडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांतली चरबी परत नेणारे. लघवीवाटे प्रथिने फार जात असतील तर मात्र कोलेस्टेरॉलही भडकते. घरात तेल तोडतात ते बरेच, पण ट्रायग्लिसराइड साखरेने आणि दारूनेही चढते, हे कोण सांगणार? त्यात रक्तदाब आणि मधुमेह सोबतीला. (बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरची वर्षे छळले होते.) कितीतरी रुग्ण डायलिसिसची पाळी येण्याआधीच हृदयविकाराने जातात.

२०११ साली सुमारे ९ हजार मूत्रपिंड रुग्णांवरील ‘शार्प’ अभ्यास प्रसिद्ध झाला. चरबी उतरवणाऱ्या गोळ्यांनी हृदयविकार, पक्षाघातासारखे मोठे प्रसंग सुमारे १७ टक्क्यांनी घटले. डायलिसिस लागल्यावर नव्याने गोळी सुरू केली तर मात्र तसा लाभ स्पष्ट दिसत नाही. म्हणून २०१३च्या जागतिक मार्गदर्शिकेने सांगितले, वय ५० किंवा अधिक असेल तर कोलेस्टेरॉलचा आकडा काहीही असो, डायलिसिसआधीच स्टॅटिन द्यावे. आधीपासून गोळी चालू असेल, तर डायलिसिस लागले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये.

पुढच्या खेपेला तो कागद पिशवीत वर ठेवा. डॉक्टरांना विचारा, ही गोळी आमच्या माणसाला लागू आहे का?