एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्या संगणकावर नेताना

आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. तेव्हा संगणकावर लेख लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. तथापि मंडळाच्या अनेक सभासदांच्या कपाटात जुन्या फ्लॉप्या व सीडी पडून आहेत, आणि विद्यार्थी मित्र नवा संगणक घरी आला की जुना भंगारात देऊन मोकळे होतात. म्हणून आमच्या घरी घडलेली एक हकीकत व तिच्या निमित्ताने समजून घेतलेल्या चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

१९९८ साली आम्ही बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडिलांनी हप्त्यावर एक जुना संगणक आणला होता. आयबीएम पद्धतीचा, ज्याला सगळे नुसते पीसी म्हणत, आणि त्यावर विंडोज ९५. कुर्ल्याला राहणारे आमचे मामा एका जाहिरात कचेरीत अक्षरजुळणीचे काम करीत. कचेरीने काढून टाकलेला मॅकिन्टॉश प्लस त्यांनी स्वस्तात घरी आणला होता. त्यावर रोज रात्री बसून ते आजीच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी लिहून काढीत. गावाकडचे दिवस, बहात्तरचा दुष्काळ, मुंबईला आल्यावर चाळीत मांडलेले पहिले बिऱ्हाड, अशी सात प्रकरणे झाली होती. त्यांची एक प्रत आमच्या पीसीवर असावी असे आईच्या मनात आले आणि ते काम आमच्याकडे आले.

आम्हाला वाटले, फ्लॉपी न्यावी, भरून आणावी. दोन्ही यंत्रांची फ्लॉपी साडेतीन इंचांचीच होती, मग अडचण ती काय? आमच्या पीसीवरची एक फ्लॉपी आम्ही मामांच्या यंत्रात सरकवली. यंत्राने इंग्रजीत सांगितले की ही तबकडी वाचता येत नाही, तयार करून देऊ का? 'तयार करून' या शब्दांचा अर्थ आम्ही भलताच घेतला आणि होकार दिला. मिनिटाभराने फ्लॉपी कोरी झाली. तिच्यावर आमच्या वस्तीतील शिष्यवृत्तीच्या मुलांची नावे व गुण होते. कागदी यादी घरी होती म्हणून निभावले, पण ती पुन्हा टाईप करण्यात दोन रात्री गेल्या.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन फ्लॉप्यांत फरक होता तो असा. पीसीच्या यंत्रात फ्लॉपी एकाच वेगाने फिरते. ७२० केबीच्या फ्लॉपीवर एका बाजूस ८० वर्तुळे असतात व प्रत्येक वर्तुळाचे ९ भाग. बाहेरचे वर्तुळ मोठे, आतले लहान, तरी दोहोंवर मजकूर तेवढाच. म्हणजे बाहेरची जागा काही प्रमाणात वाया जाते. मॅकिन्टॉशच्या रचनाकारांनी ही जागा वाचवली. त्यांचे यंत्र बाहेरच्या वर्तुळांवर फ्लॉपी हळू फिरवी आणि आतल्यांवर जलद. त्यामुळे बाहेरच्या सोळा वर्तुळांत प्रत्येकी १२ भाग बसत, पुढच्या सोळांत ११, मग १०, ९ आणि शेवटी ८. बेरीज करून पाहा, एका बाजूस बरोबर ८०० भाग भरतात. भाग ५१२ बाइटचा, बाजू दोन, म्हणजे ८०० केबी. युक्ती मोठी हुशारीची, पण परिणाम असा की ही फ्लॉपी पीसीचे यंत्र वाचूच शकत नसे. कोणताही प्रोग्राम घातला तरी उपयोग नव्हता, कारण अडचण मोटरपासूनच सुरू होत होती. १९८८ पासून ॲपलने १.४४ एमबीची, पीसीच्याही फ्लॉप्या वाचणारी यंत्रे बसवण्यास आरंभ केला. मामांचा मॅकिन्टॉश प्लस १९८६ चा नमुना, त्यात ती सोय कुठली!

मग उरली तार. दोन्ही संगणकांना मागे क्रमवार खाच असते, जिच्यातून अक्षरे एकामागून एक बाहेर पडतात. मॅकची खाच गोल, आठ टाचण्यांची. पीसीची चपटी, नऊ टाचण्यांची. लॅमिंग्टन रोडवरून आम्ही तार करून आणली. तिच्यात एक खुबी असावी लागते. एकाची 'पाठवण्याची' तार दुसऱ्याच्या 'घेण्याच्या' टाचणीला जोडायची. तसे न केल्यास दोघेही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही.

वेग ठेवला ९६००. एका बाइटमागे आरंभ व शेवटाच्या खुणा धरून दहा ठिपके जातात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. सात प्रकरणे मिळून सुमारे ९८ हजार बाइट होती, म्हणजे दोन मिनिटांचेही काम नाही. पण तारेत खरखर झाली आणि एखादे अक्षर बिघडले तर कळणार कसे? त्यासाठी एक्समोडेम नावाची रीत आम्ही वापरली. वॉर्ड क्रिस्टेन्सन या अमेरिकन गृहस्थांनी ती १९७७ साली बसवली. आम्हा बँकवाल्यांना ती पाहताक्षणी आपली वाटावी अशी आहे. मजकुराचे १२८ बाइटचे गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठ्यातील बाइटांच्या किमतींची बेरीज करून २५६ ने भागायचे आणि बाकी राहील ती गठ्ठ्याच्या शेवटी लिहायची. घेणारा स्वतः बेरीज करतो. ताळा जुळला तर 'पोचले' असे कळवतो, न जुळल्यास तोच गठ्ठा पुन्हा मागवतो. व्हाउचरांच्या गठ्ठ्याला बेरजेची चिठ्ठी लावून पुढच्या टेबलावर सरकवावी तसेच हे. यात एक छिद्र आहे. दोन शेजारच्या बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. आम्ही कारकून ३६ च्या जागी ६३ लिहून बसलो तर फरक नवाने भागला जातो व चूक हाती लागते, तशी सोय येथे नाही. पुढे याहून कडक ताळ्याच्या रीती आल्या. शेवटचा गठ्ठा अपुरा असेल तर ही रीत त्यात भरीचे बाइट घालते. फायलीच्या शेपटाला अनोळखी चिन्हे दिसतात ती त्याचीच.

सातही फायली ताळा जुळून पोचल्या. आम्ही आनंदाने पहिली उघडली, आणि पडद्यावर मराठीचा मागमूस नाही! डोक्यावर टिंबे असलेली परकी अक्षरे, बेरजेची चिन्हे, प्रश्नचिन्हे. शिवाय ओळी तुटतच नव्हत्या. ओळी न तुटण्याचे कारण साधे होते. मॅक त्या काळी ओळ संपल्याची खूण म्हणून १३ हा एकच अंक लिही, पीसीला १३ व १० असे दोन लागत. विंडोजचे नोटपॅड या निरनिराळ्या खुणा ओळखू लागले ते २०१८ साली.

मराठीची गोष्ट मात्र खोल होती. संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवतो. इंग्रजी अक्षरांचे अंक सर्वत्र सारखे ठरलेले होते. देवनागरीसाठी भारतीय मानक, इस्की, १९९१ मध्ये झाले, त्याच वर्षी युनिकोडही आले. पण छपाईसाठी जे टंक वापरीत, त्यांतील प्रत्येकाची मांडणी आपापली असे. अमुक अंक म्हणजे 'क' की अर्धा 'स', हे तो टंक करणारा ठरवी. मामांचा टंक फक्त मॅकसाठी होता. म्हणजे आमच्या पीसीवर एकही बाइट हरवला नव्हता आणि एकही शब्द वाचता येत नव्हता. मजकूर वाहून नेणे आणि मजकूर समजणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आम्हाला त्या रात्री कळले.

मामा म्हणाले, "राहू दे रे, माझ्याकडे आहेच की." डीटीपी केंद्रात काम करणारा आमचा एक मित्र मात्र म्हणाला, "निदान त्याच टंकात बाराखडी टाईप करून ती फाईल तरी घेऊन जा." फारसा विश्वास नसताना आम्ही तेही केले. एका ओळीवर एकच अक्षर, मग बाराखडी, मग आठवतील ती जोडाक्षरे. सात प्रकरणे आणि ही आठवी फाईल पुढे सीडीवर घेऊन ठेवली व विसरून गेलो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्यात मामांची खोली तळमजल्यावर. माणसे वाचली. मॅकिन्टॉश, फ्लॉप्यांचा डबा आणि छापून ठेवलेली एकुलती एक प्रत चिखलात गेली. आजी त्याआधीच वारली होती.

सीडी आमच्याकडे होती. २००९ साली आमच्या धाकट्या भावाने, जो तेव्हा संगणक शिकत होता, बाराखडीची फाईल समोर ठेवून कोष्टक केले. पहिल्या ओळीवर जो अंक तो 'अ', दुसऱ्या ओळीवर जो तो 'आ', याप्रमाणे. 'ग', 'स' यांसारखी अक्षरे त्या टंकात अर्धे अक्षर व काना अशी दोन तुकड्यांत होती. म्हणून आधी लांब जोड्या बदलायच्या, मग सुटे तुकडे, हा क्रम पाळावा लागला. ऱ्हस्व वेलांटीने सर्वांत छळले. जुन्या टंकात ती डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप करीत. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट. हे सर्व उलटसुलट करण्यासाठी त्याने छोटा प्रोग्राम लिहिला.

आजच्या वाचकांना तारेची कटकट नाही. विंडोज व मॅक यांच्यात पेन ड्राइव्ह चालवायचा तर तो एक्सफॅट पद्धतीने तयार करावा. एनटीएफएस पद्धतीचा ड्राइव्ह मॅक वाचतो, पण एरवी त्यावर लिहीत नाही. फॅट ३२ वर ४ जीबीची फाईल मावत नाही. मॅकवरून आलेल्या झिप फायलीत अधिकचे बारीकसारीक फोल्डर दिसले तर घाबरू नये, मॅकने ठेवलेल्या त्या स्वतःच्या नोंदी असतात. जुन्या मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉप्या कुणाकडे असल्यास बाजारातील यूएसबी फ्लॉपी यंत्रात घालून वेळ दवडू नये, ते यंत्र १.४४ चेच असते. ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखे उपकरण तबकडीवरील चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपते, ते ज्याच्यापाशी असेल त्याला गाठावे. यंत्राने काहीही 'तयार करून देऊ का' विचारले तर नाही म्हणावे. आणि जुन्या टंकातील मराठी कुणाकडे असेल, तर तो संगणक चालू आहे तोवरच बाराखडी टाईप करून घ्यावी. बँकेत आम्ही नवे पुस्तक उघडले तरी शिल्लक जुळल्यावाचून जुने पुस्तक बांधून ठेवीत नाही. येथेही नव्या यंत्रावर फाईल उघडून, निदान पहिले, मधले व शेवटचे पान वाचून पाहिल्याखेरीज जुन्यावरची पुसू नये. फायलीचे नाव दिसले म्हणजे फाईल पोचली, असे नव्हे.

आमच्या कोष्टकात दोन अंक बसेनात. आम्ही केलेल्या बाराखडीत ती जोडाक्षरे टाईप करायची राहून गेली होती. पहिला अंक आठ ठिकाणी होता. 'विहिरीच्या पाय_या' असे वाक्य दिसल्यावर तो 'ऱ्य' मधला अर्धा र आहे हे चटकन लक्षात आले. दुसरा दोनच ठिकाणी आहे, दोन्ही वेळा एका शेताच्या नावात. मामांना ते वाक्य वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून दोनतीन नावे उच्चारून पाहिली आणि म्हणाले, "आई काय म्हणायची ते आता आठवत नाही रे." गावी विचारले, ते शेत केव्हाच विकले गेले आहे. घरच्यांसाठी छापलेल्या प्रतीत आम्ही त्या जागी चौकोन ठेवला आहे.