कुलूप उघडते ते हलक्या ताणाने

किल्लीविना कुलूप उघडणे हा जर्मनीत खेळ म्हणून जोपासला जाणारा छंद आहे. ‘स्पोर्ट्‌सफ्रॉइंडे डेर श्पेरटेक्निक’ ही हौशी मंडळींची संघटना १९९७ मध्ये हॅम्बुर्ग येथे स्थापन झाली. नवशिक्यांचे लक्ष पिना सरकवणाऱ्या आकडीकडे असते. यशापयश मात्र बहुतांशी ‘टेन्शन रेंच’ या वाकवलेल्या पोलादी पट्टीवर ठरते.

पट्टीने कुलपाच्या फिरत्या गाभ्यावर ताण दिला की, घडणीतील सूक्ष्म फरकामुळे सहसा एकच पिन आधी अडकते. ती योग्य जागी सरकताच गाभा किंचित फिरतो आणि पुढची पिन अडकते. ताण जास्त झाल्यास पिना जखडतात. कमी पडल्यास बसलेल्या पिना स्प्रिंगच्या जोराने मागे येतात. म्हणून बोटाचा हलका दाब पुरेसा ठरतो.

पट्टी खाचेत घट्ट बसावी, पण आकडीची वाट अडवू नये. खाच अरुंद असल्यास पिनांच्या बाजूस, तोंडाशीच बसणारी चपटी पट्टी सोयीची पडते.

अतिरेकी ताणाने कुलूप कायमचे बिघडू शकते. त्यामुळे सराव स्वतःच्या आणि वापरात नसलेल्या कुलपावरच करावा, हा या छंदाचा पहिला नियम होय. दाराच्या कुलपावर हात आजमावणाऱ्यावर स्वतःच्याच घराबाहेर राहण्याची वेळ येऊ शकते.