बाळाचे डोळे आणि प्लॅस्टिकची बाटली

तारोडीच्या शेजारी, उत्तनच्या धावगी डोंगरावर मीरा-भाईंदर शहराचा कचरा जातो. तिथे आग लागली की धुराने डोळे चुरचुरतात, हे आसपासच्या गावांना ठाऊक आहे. पण न जळलेले प्लॅस्टिकही नजरेला बाधू शकते.

कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या काही भांड्यांत ‘बिस्फेनॉल ए’ हे रसायन असते. ऊन दूध ओतले की ते थोडे थोडे सुटते. डोळ्याच्या पडद्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी नीट घडायला थायरॉइड ग्रंथीचा रस लागतो. हे रसायन त्याच्या कामात ढवळाढवळ करते. प्रयोगशाळेत माशांच्या पिलांची नजर त्याने बिघडली. माणसाबाबत पक्का निर्वाळा अजून नाही. तरी युरोपने २०११ साली बाळाच्या बाटल्यांत त्याला बंदी केली. त्याच्या जागी आलेले ‘बिस्फेनॉल एस’ही माशांना बाधलेच. तेव्हा ‘बीपीए नाही’ ही चिठ्ठी पाहून निर्धास्त राहू नये.

मायबहिणींनो, बाळाला वरचे दूध द्यायचेच झाले तर स्वच्छ वाटी-चमच्याने पाजा. गरोदरपणी ऊन आमटी, चहा स्टीलच्या भांड्यातच घ्या. शेतातले प्लॅस्टिक बांधावर जाळू नका. नजर घडते ती पोटात आणि पाळण्यात. जपायची तीही तेव्हापासूनच.