फाशांची टक्कर

सापशिडी तुम्ही खेळला असालच. दान पडेल तशी सोंगटी सरकते. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा टेबलावरचा खेळ निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि पात्रावर आलेल्या अनेक प्रसंगांचा निकाल फासे लावतात. अशा खेळात मोटारीचा अपघात आणायचा, तर नियम कसा करावा?

आपला पट म्हणजे उल्हासनगरहून अंबरनाथमार्गे बदलापूरला जाणारा रस्ता समजू. मोटार भिंतीवर आदळली की फासे टाकायचे आणि पडलेले दान प्रवाशाच्या १२ गुणांतून वजा करायचे. गुण संपले की प्रवासी बाद! पण फासे किती टाकायचे? चटकन सुचणारा नियम असा: ताशी ३० किलोमीटर वेगाला १ फासा, ६० ला २, ९० ला ३. दिसायला सरळ, पण चूक.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. किती उंचीवरून पडल्यास तेवढा वेग येईल, हे काढून पाहा. ताशी ३० किलोमीटरसाठी उत्तर येते सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे साधारण एक मजला. ६० साठी १४ मीटर, म्हणजे चार मजले. ९० साठी ३२ मीटर, म्हणजे नऊ मजले! तेव्हा खरा नियम ‘मजल्यामागे एक फासा’.

आता गंमत पाहा. ६० च्या वेगाला चुकीच्या नियमाने दोन फासे पडतात. प्रवासी बाद होण्यास दोन्हींवर सहा यावे लागतात. ही शक्यता ३६ त १. बरोबर नियमाने फासे चार. त्यांची बेरीज १२ किंवा अधिक येण्याची शक्यता १२९६ त ९८६, म्हणजे चारांत तीन! हे आकडे खेळातले आहेत, पण वेगाचा वर्ग खेळातला नाही.

दुसरा नियम थांबण्याचा. समोर धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असे समजा. ३० च्या वेगाने येणारी मोटार सुमारे १४ मीटरांत थांबते. ६० ने येणारीला ४० मीटर लागतात.

शाळा सुटली आहे आणि १५ मीटरांवर एक मूल धावत रस्त्यात आले. पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबते. दुसरी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक पुढे जाते. म्हणजे मुलापर्यंत पोचते तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नसतो. ती पूर्ण ६० च्या वेगाने आदळते. पावसाळ्यात रस्ता ओला असला, तर हे अंतर आणखी वाढते.

एका मोठ्या कागदावर रस्ता आखा. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. फाशावर १ ते ४ आल्यास चालकाला एक सेकंद, ५ आल्यास दीड, ६ आल्यास दोन सेकंद द्या. मित्रांबरोबर वीस डाव खेळा आणि प्रत्येक वेगाला किती मुले वाचली ते वहीत मांडा.

मग घरात जे कोणी गाडी चालवत असतील, त्यांना ती वही दाखवा. पटावरची सोंगटी पुढच्या डावात पुन्हा मांडता येते. रस्त्यावर दुसरा डाव नसतो.