आम्लावरचीं औषधें : कोणतें, केव्हां आणि किती दिवस



तीस-बत्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना पुष्कळ शिकविलें. परंतु स्वतःच्या पोटांत काय चालतें, हें शिकण्यासाठीं मला सेवानिवृत्तीनंतर इस्पितळाच्या खाटेवर पडावें लागलें. आजचा विषय त्या खाटेवरचाच आहे. मी वैद्य नव्हे, मास्तर आहे. तेव्हां कोणास औषध सांगण्याचा मला अधिकार नाहीं. पण दिलेलें औषध काय करतें, हें समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक रोग्यास आहे. आणि समजावून सांगणें हा तर माझा जन्माचा धंदा.

घडलें तें असें. गुडघेदुखीसाठीं मी दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असें. त्यांनीं पोटांत जळजळूं लागलें, म्हणून शेजारच्या एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ल कमी करणारी गोळीहि आणली. ती मी जेवणानंतर घेई, आणि तीहि जळजळ होई त्याच दिवशीं. बरें वाटे, मी निश्चिंत झालों. एके दिवशीं शौचास डांबरासारखें काळें झालें आणि जिना चढतांना डोळ्यांपुढें अंधेरी आली. जठरांतील व्रणांतून रक्त वाहत होतें. डॉक्टरांनीं विचारलें, "गुरुजी, ही गोळी आपण केव्हां घेत होतां?" काय घेत होतां असें विचारतील, ही माझी कल्पना. 'केव्हां' हा प्रश्न त्या वेळीं मला निरर्थकच वाटला.

आपल्या जठरांत दिवसाकाठीं दीड-दोन लिटर पाचक रस पाझरतो. त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, आणि त्या रसांत मांसाचा तुकडाहि विरतो. मग जठर स्वतः कां विरत नाहीं? त्याच्या आंतल्या अंगास बुळबुळीत श्लेष्म्याचें अस्तर असतें, म्हणून. अस्तर फाटलें कीं आम्ल खालच्या त्वचेस लागतें आणि जखम पडते. तिलाच अल्सर म्हणतात. जठरांत होतो तसा तो जठराच्या पुढें, लहान आंतड्याच्या आरंभींहि होतो. तें अस्तर फाडतो कोण? पुष्कळ वर्षें लोक तिखटास, चहास आणि काळजीस दोष देत आले. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनीं रोग्यांच्या जठरांतून काढलेला एक पीळदार जंतु वाढवून दाखविला. हेलिकोबॅक्टर पायलोरी असें त्याचें आजचें नांव. इतक्या तीव्र आम्लांत जंतु राहतो, हें फारसें कोणास खरें वाटेना. तेव्हां १९८४ मध्यें मार्शल तो जंतु स्वतःच प्याले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ मध्यें दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा अपराधी माझ्या खिशांतच होता : अ‍ॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. बहुतेक अल्सर या दोहोंपैकीं एकामुळें होतात.

आतां औषधांकडे वळूं. माझ्या लहानपणीं आमच्या विहिरीवर मोट चाले. मळ्यांत पाणी फार झालें तर तीन उपाय : आलेलें पाणी उपसावें, बैल हांकणाऱ्यास 'थांब' म्हणून हांक द्यावी, किंवा मोटच बांधून ठेवावी. आम्लावरच्या औषधांचे मुख्य वर्गहि असेच तीन आहेत.

पहिला वर्ग आलेलें आम्ल मारणारा. खाण्याचा सोडा, बाटली हालवून घ्यावयाचें गुलाबी औषध, चघळावयाच्या गोळ्या, हीं सर्व यांतलीं. लिंबाच्या रसांत सोडा टाकला कीं फेंस येतो, हा प्रयोग मीं वर्गांत अनेकदां करून दाखविला आहे. पोटांतहि तेंच होतें, आणि तो वायु ढेकरेवाटे बाहेर येतो. ढेकर आली कीं रोग बरा झाला, असा पुष्कळांचा समज असतो. सोड्यांत सोडियम असल्यामुळें रक्तदाब किंवा हृदयविकार असणारांनीं तो रोज घेऊं नये. बाटलींत मॅग्नेशियम व अॅल्युमिनियम दोन्ही असतात, कारण एकानें पोट ढिलें होतें तर दुसऱ्यानें बांधलें जातें. आराम कांहीं मिनिटांत पडतो, पण तास-दोन तासच टिकतो. अल्सर भरून येण्यास तो पुरत नाहीं. दुधाचेंहि तसेंच : पितांना थंड वाटतें, मागाहून आम्ल अधिकच सुटतें.

दुसरा वर्ग हांक अडविणारा. आम्ल सोडण्याचा निरोप जठरांतील पेशींस हिस्टामीन नांवाच्या द्रव्याकडून पोंचतो. जेम्स ब्लॅक यांनीं तो निरोप अडविणारें द्रव्य शोधलें; सिमेटिडीन या नांवानें तें १९७६ मध्यें ब्रिटनमध्यें विक्रीस आलें, आणि ब्लॅक यांना १९८८ मध्यें नोबेल मिळालें. त्यापूर्वीं अल्सरसाठीं जठराचा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होत. या गोळीनें त्या पुष्कळ कमी झाल्या. पुढें रॅनिटिडीन व फॅमोटिडीन आलीं. रॅनिटिडीनमध्यें कर्कजनक असण्याचा संभव असलेलें एक द्रव्य निर्माण होतें असें आढळल्यावरून अमेरिकेनें २०२० मध्यें तें बाजारांतून काढावयास लाविलें. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादींतून तें २०२२ मध्यें वगळण्यांत आलें. फॅमोटिडीनवर तो आक्षेप नाहीं. रात्रींचें आम्ल या वर्गानें चांगलें कमी होतें. परंतु रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतें व गुण उतरतो.

तिसरा वर्ग मोटच बांधणारा, आणि माझी चूक झाली ती येथें. आम्ल बाहेर टाकणारा एक सूक्ष्म पंप जठराच्या पेशींत असतो. ओमेप्रॅझोल (१९८८ मध्यें विक्रीस आलेलें), पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल हीं औषधें त्या पंपासच कुलूप घालतात. पण मौज अशी कीं, चालू असलेल्या पंपासच हें कुलूप लागतें, झोंपलेल्यास नाहीं. पंप जागे होतात अन्नानें. औषध तर रक्तांत तास-दोन तासच पुरेसें असतें. म्हणून गोळी न्याहारीपूर्वीं सुमारें अर्धा तास घ्यावयाची, म्हणजे पंप जागे होतील तेव्हां ती दाराशीं हजर असते. एका दिवसांत सगळे पंप सांपडत नाहींत. पूर्ण गुण यावयास तीन-चार दिवस रोज घ्यावी लागते. जेवणानंतर, मन मानेल त्या दिवशीं घेतलेली माझी गोळी बहुतांशीं वायां जात होती. जळजळ तेवढी झांकली गेली, जखम मात्र खोल होत राहिली. गोळी चावूं किंवा कुटूं नये, हेंहि सांगून ठेवतों. तिच्या वरचें कवच तिला जठरांतील आम्लापासून वांचविण्यासाठींच असतें.

अल्सर भरून आणण्यांत हा वर्ग दुसऱ्याहून सरस ठरला आहे. आंतड्याच्या अल्सरास साधारण चार, जठराच्या अल्सरास आठ आठवडे लागतात. जपानांत २०१५ पासून मिळूं लागलेलें व्होनोप्राझान हेंहि पंपच अडवितें, पण त्यास जेवणाची वाट पाहावी लागत नाहीं. सुक्राल्फेट आम्ल कमी करीत नाहीं. तें जखमेवर लेप देतें, म्हणून रिकाम्या पोटीं घेतात.

तथापि जंतु असेल तर नुसतें आम्ल कमी करून भागत नाहीं. जखम भरते आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां उघडते. त्याची परीक्षा श्वासावरून किंवा शौचावरून होते. परीक्षेपूर्वीं पंपाची गोळी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहींतर जंतु असून नाहीं असें उत्तर येऊं शकतें. माझ्या परीक्षेंत जंतु निघाला. बहुधा चौदा दिवसांचा क्रम असतो : पंपाची गोळी व तिच्याबरोबर दोन जंतुनाशकें. तोंडास धातूसारखी चव येई, पांचव्या दिवशीं बरें वाटूं लागलें, आणि गोळ्या टाकून देण्याचा मोह मलाहि झाला. अर्धवट सोडल्यास वांचलेले जंतु त्या औषधास दाद देत नाहींत, असें डॉक्टरांनीं बजावलें म्हणून मीं ते दिवस पुरे केले. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या. हृदयविकारासाठीं अ‍ॅस्पिरीन घेणारांनीं मात्र ती आपल्या मनानें सोडूं नये. डॉक्टर तिच्या जोडीस पंपाची गोळी देतात. तशीच क्लोपिडोग्रेल घेणारांनीं ओमेप्रॅझोल विचारल्याशिवाय घेऊं नये, कारण तें तिचा गुण कमी करतें.

काळें शौच, रक्ताची उलटी, कारणावांचून उतरणारें वजन, गिळतांना अडथळा, यांपैकीं कांहीं दिसलें तर कोणत्याच गोळीनें तें झांकूं नये. छातींत दडपण येऊन घाम सुटला तर 'अॅसिडिटी' म्हणून घरीं बसूं नये. तें हृदयाचें असूं शकतें.

आठ आठवड्यांनीं माझ्या जठरांत पुन्हां दुर्बीण घातली गेली, कारण जठरांतला एखादा व्रण कर्करोगाचाहि असतो आणि तो न भरण्यावरून ओळखूं येतो. माझा भरला होता. पंपाची गोळी वर्षानुवर्षें घेतल्यास शरीरांतील मॅग्नेशियम व बी-बारा जीवनसत्त्व कमी होऊं शकतें. म्हणून डॉक्टरांनीं ती थांबविली. थांबविल्यावर दोन आठवडे आम्ल पूर्वींपेक्षां अधिक उसळलें. असें होतें, हें त्यांनीं अगोदरच सांगून ठेवलें होतें, त्यामुळें घाबरून मीं गोळी पुन्हां सुरू केली नाहीं. ते दोन आठवडे त्याच गुलाबी बाटलीनें काढून दिले. ती अजून फडताळांत आहे, अर्धी भरलेली.