विश्लेषण : दुचाकीच्या डॉलीचे चाक वारंवार का तुटते? वेल्डिंग करावे की चाकच बदलावे?

एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची चारचाकी आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दुचाकी. शहरातल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हेच चित्र दिसते. अशा जागेत दुचाकी वळवता येत नाही, ती आडवी सरकवावी लागते. त्यासाठी अनेक जण डॉली वापरतात. मात्र काही महिन्यांतच डॉलीचे एखादे चाक तुटते, वेल्डरकडून ते जोडून घेतले जाते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तुटते. दोष दर वेळी चाकाच्या दर्जाला दिला जातो. खरे कारण बहुतेकदा भाराचा चुकलेला हिशेब आणि खालची जमीन हे असते.

डॉली म्हणजे नेमके काय?

लोखंडी चॅनेल आणि जाड पत्र्यापासून बनवलेला, जमिनीपासून जेमतेम काही इंच उंच असलेला हा एक लांबट पाट असतो. त्याच्या खाली चार किंवा त्याहून अधिक कॅस्टर, म्हणजे ट्रॉलीला असतात तशी सर्व दिशांना फिरणारी चाके बसवलेली असतात. छोट्या रॅम्पवरून गाडी पाटावर चढवायची, मेन स्टँडला लावायची आणि पाटासकट हवी तिकडे सरकवायची. गॅरेजमध्ये आणि शोरूममध्येही डॉली वापरली जाते. पण तिथली फरशी गुळगुळीत आणि सपाट असते. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, चेकर्ड टाइल्स आणि पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या चॅनेलवरची लोखंडी जाळी यांवरून तिला जावे लागते. फरक इथूनच सुरू होतो.

एका चाकावर किती भार येतो?

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे. डॉलीचे ३० किलो धरले तर एकूण २२५ किलो होतात. चार चाकांत विभागल्यावर प्रत्येकी साधारण ५६ किलो येतात आणि ‘६० किलो क्षमता’ असे लिहिलेले चाक पुरेसे वाटू लागते. इथेच गणित चुकते.

जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. एक पाय आखूड असलेले स्टूल जसे डुगडुगते, तशी डॉलीसुद्धा कोणत्याही क्षणी प्रत्यक्षात तीनच चाकांवर उभी असू शकते. त्यामुळे चार चाकांच्या डॉलीसाठी भार तिनाने भागण्याचा प्रघात आहे. २२५ भागिले तीन म्हणजे ७५ किलो. त्यावर धक्क्यांसाठी आणखी एक तृतीयांश वाढ धरली की आकडा १०० किलोंवर जातो. गाडी मेन स्टँडवर ओढून घेताना जो दणका बसतो, तो या हिशेबात धरावाच लागतो.

शिवाय चाकावर लिहिलेली क्षमता ही सपाट, टणक फरशीवर चालण्याच्या सावकाश वेगासाठी असते. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांसाठी ती नसते.

साइड स्टँडचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गाडी डावीकडे झुकते आणि डाव्या बाजूच्या चाकांवर उजवीकडच्यांपेक्षा जास्त भार येतो. डॉली मुळातच साइड स्टँडसाठी बनवलेली नसेल, तर तिच्यावर गाडी साइड स्टँडला लावू नये.

लहान चाकच घात का करते?

डॉली बुटकी असली की गाडी चढवणे सोपे जाते. म्हणून ५० मिलिमीटर व्यासाची चाके बसवण्याचा मोह होतो. मात्र चाक जितके लहान, तितका त्याला प्रत्येक उंचवटा मोठा.

समजा, वाटेत ५ मिलिमीटरची कड आली. ५० मिलिमीटरच्या चाकाला ती जागेवरून चढण्यासाठी त्याच्यावरील भाराच्या ७५ टक्के आडवा जोर लागतो. म्हणजे ५६ किलो भार असेल तर ४२ किलो. १०० मिलिमीटरच्या चाकाला तीच कड चढायला सुमारे ४८ टक्के, म्हणजे २७ किलो जोर पुरतो. कड १० मिलिमीटरची असेल, तर लहान चाकाला भाराच्या १३३ टक्के जोर लागतो. एवढा जोर माणूस सावकाश ढकलून लावू शकत नाही. मग तो डॉली थोडी मागे घेतो आणि वेगाने पुढे आदळतो. चाक तुटते ते अशा वेळी. आडव्या धक्क्याचा मार चाकाला धरून ठेवणाऱ्या काट्यावर आणि त्याच्या माथ्यावरच्या किंगपिनवर बसतो.

दुसरा घातक क्षण दिशा बदलतानाचा. कॅस्टरमध्ये चाकाचा आस किंगपिनच्या बरोबर खाली नसतो, थोडा बाजूला असतो. त्यामुळेच चाक आपोआप ढकलण्याच्या दिशेने वळते. (मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला सरळ ठेवणारी ‘ट्रेल’ ही याच तत्त्वावर चालते.) डॉली भिंतीपर्यंत नेऊन उलट ओढली की चारही चाकांना पूर्ण अर्धा फेरा घ्यावा लागतो. एखादे चाक सांध्यात अडकले असेल तर ते वळत नाही, आडवेच घासत जाते आणि काटा पिळवटतो.

तुटते नेमके काय?

‘चाक तुटले’ असे सरसकट म्हटले जात असले, तरी मोडण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात आणि दुरुस्ती त्यावरच ठरते. त्यासाठी गाडी उतरवून डॉली आडवी करावी आणि प्रत्येक कॅस्टर हाताने हलवून पाहावा.

फक्त चाकाचा घेर झिजला किंवा फुटला असेल आणि काटा सरळ असेल, तर प्रकरण सोपे आहे. आसाचा बोल्ट काढून तेवढेच चाक बदलता येते. दुकानात जाताना चाकाचा व्यास, रुंदी, मधल्या भोकाचा व्यास आणि काट्याच्या दोन पात्यांमधले अंतर मोजून न्यावे. जुने चाकच सोबत नेले तर उत्तम. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट या भागांत असे सुटे सामान मिळते.

काटा वर-खाली खुळखुळत असेल, तर आतील छर्ऱ्यांचा मार्ग झिजलेला असतो किंवा किंगपिन ढिला झालेला असतो. छर्रे बाहेर पडले असतील तर शंकाच नको. असा कॅस्टर पूर्ण बदलावा.

तिसरा प्रकार सहसा नजरेतून सुटतो. कॅस्टर धडधाकट असतो, पण तो ज्या पत्र्यावर बसवला आहे तो पत्रा वाकलेला असतो. मेन स्टँडवर गाडीचा बराचसा भार स्टँडच्या दोन छोट्या पायांवर येतो. त्यामुळे पाट मध्ये खचतो आणि टोकाचे कॅस्टर तिरके होतात. किंगपिन उभा राहिला नाही की चाक मोकळेपणी वळत नाही. अशा डॉलीला कितीही महागडी चाके बसवली तरी ती टिकणार नाहीत. पाटावर स्पिरिट लेव्हल किंवा सरळ पट्टी ठेवली की मधला खचका लगेच दिसतो. तो आधी सरळ करून खालून चॅनेलचा आधार द्यावा लागतो.

वेल्डिंगने काम भागेल का?

तुटलेल्या काट्याला किंवा किंगपिनला वेल्डिंग करणे ही सर्वात प्रचलित आणि सर्वात वाईट दुरुस्ती. वेल्डिंगच्या उष्णतेने छर्ऱ्यांच्या मार्गाचा कठीणपणा जातो, ग्रीस जळून जाते आणि फिरते चाक अडकत फिरू लागते. बाजारातल्या अनेक कॅस्टरवर जस्ताचा मुलामा असतो. तो जळताना निघणारा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येऊ शकतो. जुन्या जाणत्या वेल्डरना हे ठाऊक असते, पण ग्राहक घाई करतो.

वेल्डिंग करायचेच असेल, तर ते डॉलीवर करावे, कॅस्टरवर नाही. डॉलीच्या कोपऱ्यांना ५ ते ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्यावी, तिला भोके पाडावीत आणि कॅस्टर चार बोल्टने बसवावा. भोकात मावेल तो ८ किंवा १० मिलिमीटरचा, डोक्यावर ‘८.८’ कोरलेला बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. धक्क्यांनी साधा नट सैल होतो, हा पटकन होत नाही. पुढच्या वेळी चाक बदलायला वेल्डर शोधावा लागणार नाही, दोन पाने पुरतील.

नवे चाक कोणते घ्यावे?

इथे स्वस्ताई बघू नये. नायलॉनचे चाक मजबूत असते आणि हलके ढकलले जाते. मात्र ते आवाज करते, गुळगुळीत टाइल्सवर घसरते आणि नाजूक टाइलला तडाही देऊ शकते. रबर मऊ चालते, पण फरशीवर काळे डाग पाडते. तेल सांडले की ते फुगते आणि गाडी महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिली की एका बाजूने चपटे होते.

सोसायटीसाठी पॉलियुरेथेनचा, म्हणजेच ‘पीयू’चा थर असलेले चाक सर्वात सोयीचे. फक्त तो थर कशावर चढवला आहे ते पाहावे. बिडाच्या गाभ्यावर असेल तर चाक जड पण टिकाऊ असते. प्लास्टिकच्या गाभ्याला धक्क्याने चिरा जातात. काही प्रकारचा पीयू दमट हवेत आपोआप विघटित होतो. कपाटात ठेवलेल्या बुटांचा तळ न वापरताच भुगा होऊन पडतो, तोच हा प्रकार. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांनी चाक न वापरताही वर्षातून एकदा नखाने खरवडून पाहावे.

व्यास शक्यतो १०० मिलिमीटर घ्यावा. त्याने डॉली उंच होते, ही तक्रार रास्त आहे. उपाय म्हणजे कॅस्टर पाटाच्या खाली न बसवता बाजूला काढलेल्या कानांखाली बसवायचे. पाट खालीच राहतो आणि चाकांमधले अंतर वाढल्याने डॉली कलंडण्याचा धोकाही कमी होतो.

एकच नवे चाक तीन जुन्यांमध्ये बसवू नये. झिजलेल्या आणि नव्या चाकांच्या उंचीत थोडाही फरक असला, तर डॉली तीन चाकांवरच उभी राहते. चारही एकदम बदलणे शक्य नसेल, तर उंची मोजून बुटक्या कॅस्टरच्या पट्टीखाली पत्र्याचा तुकडा घालावा. किमान दोन कॅस्टर असे घ्यावेत, ज्यांचा ब्रेक चाकाचे फिरणे आणि काट्याचे वळणे दोन्ही रोखतो. पार्किंगच्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेला असतो आणि डॉलीला तो लगेच जाणवतो.

गाडी वर असतानाच चाक तुटले तर?

सर्वात मोठा धोका हाच. १९५ किलोंची गाडी कलू लागली, तर ती हाताने सावरण्याचा प्रयत्न करू नये, बाजूला व्हावे. टाकी चेपली तर पत्रा ठोकून घेता येतो, पायाचे हाड मोडले तर महिने जातात.

गाडी उभीच राहिली असेल, तर आधी उरलेल्या चाकांचे ब्रेक लावावेत आणि चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात. खचलेल्या कोपऱ्याखाली लाकडाचे ठोकळे सरकवावेत. हात किंवा पाय पाटाखाली घालू नये, ठोकळा काठीने ढकलावा. कोपरा जॅकने उचलायचा झाल्यास तोही कणाकणाने, आणि तोवर गाडी दोघांनी दोन बाजूंनी धरलेली असावी. मेन स्टँडवरून उतरवताना गाडी पुढे ढकलावी लागते आणि त्याच वेळी डॉली मागे पळते. म्हणून विटा आधी, गाडी नंतर. गाडी खाली आली की लगेच पुढचा ब्रेक दाबून धरावा.

नवी चाके बसवल्यावर आठवडाभराने सगळे नट एकदा तपासून आवळावेत, कारण रंगाचा थर दबल्याने ते हमखास सैल होतात. आणि वाटेत पाण्याच्या चॅनेलची जाळी असेल, तर तिच्यावर चेकर्ड प्लेटचा एक तुकडा पक्का बसवून घ्यावा. जाळीच्या फटीत १०० मिलिमीटरचे चाकही अडकते.