परसातले राखणदार

कीड दिसली की मारायची, एवढेच आमच्या घरी ठाऊक. गेल्या पावसाळ्यात परसातल्या चवळीवर काळा मावा पडला. शेंडे, शेंगा सारे माखून गेले. त्यातच काळसर, इवल्या सुसरीसारख्या अळ्या फिरत होत्या. “तू कॉलेजात जातोस, तूच बघ,” वडील म्हणाले. मी रुबाबात पंप पाठीवर घेतला आणि दोन्ही मारले.

पंधरा दिवसांत मावा पुन्हा आला, पहिल्यापेक्षा दाट. अळ्या मात्र आल्या नाहीत.

पुढे ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्याच अळीचे चित्र दिसले आणि मी चरकलो. ती ढालकिड्याची अळी! पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेला जो तांबूस किडा आम्ही लहानपणी तळहातावर चालवीत असू, त्याचेच हे पोर. वाढ पुरी होईतो ते शेकडो मावा फस्त करते. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती थेट पिलेच घालते आणि ती पिले आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः विऊ लागतात. ढालकिड्याची एक पिढी व्हायला मात्र तीनेक आठवडे लागतात. म्हणजे औषधाने दोघेही मेले तरी शत्रू आधी परततो.

यंदा मी फवारणी केलेली नाही. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात. म्हणून वेलावरच्या मुंग्या तेवढ्या पाण्याने धुतो. परवा आई एक अळी चिरडणार, तोच मी तिचा हात धरला. “अगं, ही आपली आहे.”

“दिसत तर नाही तशी,” आई म्हणाली. पण तिने अळीला पानावर सोडले.